सापासारखी, पण साप नव्हे

बोदवडच्या वर्गात एखाद्या पट्टेरी सर्पवामेचे चित्र टांगले, तर बहुतेक मुले 'साप!' म्हणूनच ओरडतील. इंग्रजीत हिला 'स्नेक ईल' म्हणतात. उष्ण समुद्रातील प्रवाळांच्या आसपास, उथळ पाण्यातील वाळूत राहणारा हा मासा आहे. शेपटीचे टोक टणक व अणकुचीदार असल्यामुळे तो शेपटीकडून वाळूत शिरतो. त्याला कल्ले असतात. खवले मात्र नसतात.

मुलांना हसण्याचे कारण नाही. या साम्याची भुरळ शास्त्रज्ञांनाही पडली होती. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली नदीतील व समुद्रातील वामी 'म्युरीना' या एकाच प्रजातीत घातल्या. त्यांपैकी दोन जातींना त्याने 'ओफिस' व 'सर्पेन्स' अशी नावे दिली. दोन्हींचा अर्थ सापच! १७८९ मध्ये आलने 'ओफिक्थस', म्हणजे 'सर्पमत्स्य', ही प्रजाती वेगळी काढली.

खरी गंमत पुढेच आहे. डच निसर्गअभ्यासक बोडार्टने १७८१ मध्ये काळ्या पट्ट्यांच्या सर्पवामेला 'कोलुब्रिना', म्हणजे सापासारखी, म्हटले. १७९९ मध्ये जर्मन विद्वान श्नायडरने तशाच पट्ट्यांच्या विषारी समुद्रसर्पालाही हेच विशेषण लावले. मासा व साप, दोघे एकाच नावाचे धनी झाले! हे साम्य उपयोगाचे कसे, याची दिशा १८६२ मध्ये बेट्सने ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून दाखविली. विषारी प्राण्यासारख्या दिसणाऱ्या निरुपद्रवी प्राण्याला शत्रू टाळतात. सर्पवामेचे पट्टे हेही असेच सोंग मानले जाते.

आता आपल्या नद्यांकडे वळू. गोड्या पाण्यातील, पाठीवर सुट्या काट्यांची रांग असलेल्या माशाला आपण वाम म्हणतो. कोकणात समुद्रातील वामेलाही तेच नाव आहे. कोकणातली वाम सर्पवामेच्या गणातली आहे, नदीतली मात्र निराळ्या गणातली. आकार सारखा म्हणून नाते जवळचे, असे ठरत नाही.

म्हणून वर्गात आपण केवळ 'कसा दिसतो?' एवढे विचारून थांबू नये. कल्ले आहेत का? पर कोठे आहेत? अंगावर खवले आहेत का? हे प्रश्न चित्रावर किंवा बाजारातून आणलेल्या माशावर विचारावेत. जिवंत, अनोळखी प्राण्याला हात लावू नये. लांबट दिसले की काठी उगारणारा हात अशा प्रश्नांनीच थबकेल.