शंभर मैलांचे वेळापत्रक : आर्थर लिडियार्ड आणि ऑकलंडचे धावपटू

२ सप्टेंबर १९६०, रोम ऑलिंपिक. ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत विश्वविक्रमवीर रॉजर मोएन्सला अखेरच्या काही पावलांत मागे टाकून पीटर स्नेल हा एकवीस वर्षांचा, जगाला जवळपास अपरिचित तरुण पहिला आला. वेळ १:४६.३. त्याच दिवशी, त्याच मैदानावर मरी हॅलबर्गने ५००० मीटरची शर्यत जिंकली. रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीने त्याचा डावा हात कायमचा अधू झालेला होता. पुढे बॅरी मगीने मॅरेथॉनचे कांस्यपदक मिळवले.

तिघेही न्यूझीलंडचे आणि तिघांचाही प्रशिक्षक एकच : ऑकलंडचे आर्थर लिडियार्ड. क्रीडाशास्त्राची कोणतीही पदवी नसलेला, जोड्यांच्या कारखान्यात काम केलेला माणूस.

या विजयाचे नवल समजण्यासाठी तेव्हाची रीत पाहावी लागते. मध्यम पल्ल्याचा सराव म्हणजे प्रामुख्याने ‘इंटरव्हल’ : ठरावीक अंतर वेगाने धावायचे, मोजकी विश्रांती घ्यायची, पुन्हा धावायचे. जर्मन प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मीटर १:४६.६ मध्ये पूर्ण केले. तो विक्रम सोळा वर्षे टिकला. रॉजर बॅनिस्टर वैद्यकीय शिक्षण सांभाळून दहा वेळा ४४० यार्ड धावत असे, प्रत्येक धावेनंतर दोन मिनिटे थांबून. १९५४ च्या वसंतात ही फेरी ६१ सेकंदांच्या खाली येईना, तेव्हा तो स्कॉटलंडला गिर्यारोहणास निघून गेला. परतल्यावर ५९ सेकंद लागले आणि ६ मे रोजी चार मिनिटांच्या आत मैल पूर्ण झाला.

लिडियार्ड यांची वाट वेगळी होती. थोड्याशा धावण्यानेही आपल्याला धाप लागते, हे ऐन तारुण्यात ध्यानी आल्यावर त्यांनी स्वतःच्याच शरीरावर प्रयोग आरंभले. आठवड्याला कधी थोडे, कधी अतोनात मैल धावून पाहिले. त्या प्रयोगांतून ते दोनदा न्यूझीलंडचे मॅरेथॉन विजेते झाले आणि एक क्रमही हाती लागला. आधी कित्येक आठवडे दर आठवड्याला सुमारे १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर. मग टेकड्यांवरचे चढ. त्यानंतर ट्रॅकवरचा वेग. आणि शेवटी मुख्य शर्यतीच्या तारखेपासून उलटे मोजून आखलेली धार.

खरी धिटाई अशी, की दोन फेऱ्यांची शर्यत धावणाऱ्या स्नेललाही त्यांनी मॅरेथॉनपटूंच्याच पायाभरणीला जुंपले. वाइटाकेरे डोंगररांगांतील वाइअटारुआची २२ मैलांची फेरी सर्वांना सारखीच होती.

डिसेंबर १९६१ मध्ये स्नेल चक्क पूर्ण मॅरेथॉन धावला. त्यानंतर काही आठवड्यांतच, २७ जानेवारी १९६२ रोजी, वांगानुईच्या गवताळ ट्रॅकवर त्याने ३:५४.४ असा मैलाचा विश्वविक्रम केला. पुढच्याच आठवड्यात क्राइस्टचर्च येथे, पुन्हा गवतावरच, ८०० मीटरमध्ये १:४४.३!

एखाद्याने अशी विद्या कुलुपात ठेवली असती. लिडियार्ड यांनी त्याच वर्षी गार्थ गिल्मर यांच्यासह ‘रन टू द टॉप’ हे पुस्तक लिहून सगळे जाहीर केले. त्याच दशकाच्या अखेरीस ते फिनलंडमध्ये शिकवत होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्या पेक्का वासालाने किप केइनोला हरवून १५०० मीटर जिंकले, तर लासे विरेनने ५००० आणि १०,००० मीटर. या यशाचे सारे श्रेय एकट्या लिडियार्ड यांना देणे अतिशयोक्तीचे ठरेल, पण त्यांचा वाटा नाकारता येत नाही.

मात्र वेळापत्रक देशोदेशी पोहोचले तसे ते झिजलेही. ‘१०० मैल’ हा आकडा अनेकांनी उचलला आणि त्याच्या पुढचे टप्पे गाळले. काहींनी तर हे सारे रमतगमत धावणे असते असाच समज करून घेतला. प्रत्यक्षात त्या लांब धावा चांगल्याच दमवणाऱ्या होत्या. आजही कुणा विजेत्याच्या आठवड्याचा तक्ता फिरतो, तेव्हा हीच गत होते : आकडे प्रवास करतात, क्रम मागे राहतो.

ही पद्धत फळते का, हे मैदानाने सांगितले होते. का फळते, हा प्रश्न स्नेलने स्वतःच हाती घेतला. निवृत्तीनंतर अमेरिकेत जाऊन तो व्यायाम-शरीरशास्त्रज्ञ झाला आणि डॅलसमध्ये संशोधन करू लागला. लांब धावेत स्नायूंतील ग्लायकोजेन संपत आले की एरवी केवळ वेगासाठी राखलेले तंतूही कामाला लागतात, असे त्याचे स्पष्टीकरण होते.

लिडियार्ड यांचा मृत्यूही टेक्सासमध्येच झाला. डिसेंबर २००४ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, ते तेथे व्याख्यानांच्या दौऱ्यावर होते.