काट्यांचं घराणं

आजोबा लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग, म्हणजे कापूस विंचरण्याच्या खात्यात होते. त्यांच्या हत्यारांच्या डब्यात वीतभर लांबीची एक पट्टी असे. जाड कापडात तारेचे शेकडो बारीक काटे रोवलेले, सगळे गुडघ्यात वाकल्यासारखे. कानस साफ करायला ती कामी येई. एकदा मी तिच्यावरून तळहात फिरवला. एका अंगानं मऊ लागली, उलटा फिरवला तर रक्तच आलं. "कापसाची पण हीच गत," आजोबा म्हणाले, "दोन बाजूंनी काटे, मधे तो. विंचरून निघतो." यंत्रावरचे काटे बोथट झाले की घासायचे, अडकलेली रुई काढायची. ती रुई उडून छातीत बसे. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी त्यांचा खोकला हटकून वाढायचा.

काटे विलायतेहून येतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते बनवणाऱ्यांपैकी जेम्स वॉल्टन हे नाव मी फार पुढे वाचलं.

यंत्रं येण्याआधी इंग्लंडात हे काटे बायका-पोरं घरी बसून एकेक करून चामड्यात रोवत. पण चामडं कुठे जाड, कुठे पातळ. वॉल्टननं त्याच्या जागी कापड आणि रबर आणलं, आणि मँचेस्टरजवळ डेंटनला टेम नदीकाठी, हॉटन डेल इथे मोठा कारखाना उभा केला. विल्यम आणि फ्रेडरिक ही मुलंही धंद्यात आली. विल्यम तारेतच रमला.

फ्रेडरिकचं चित्त मात्र भलतीकडे. रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर धरलेली साय त्यानं बोटांनी उचलून पाहिली. रबरासारखी लवचिक! रबराला पर्याय सापडला म्हणून तो प्रयोगांत पैसा ओतू लागला. घरच्यांना तो खर्च रुचेना, शेवटी तो वेगळा झाला. मी बापाला दोष देणार नाही. हजारो काटे रोवून पैसा जोडणाऱ्याला तेलाची साय कशी पटावी? 1863 मध्ये फ्रेडरिकनं पेटंट घेतलं, पुढच्या वर्षी लंडनजवळ स्टेन्सला कारखाना निघाला. जवस आणि तेल यांच्या लॅटिन नावांवरून मालाचं नाव ठेवलं लिनोलियम. पण ते नाव नोंदवायचं राहिलं. स्कॉटलंडच्या एका कारखानदारानं तेच वापरलं तेव्हा फ्रेडरिकची कंपनी कोर्टात गेली, आणि 1878 मध्ये हरली: नाव आता वस्तूचंच झालंय, कुणीही वापरावं.

हे वाचताना आमची दहा बाय बाराची खोली आठवली. मोरीपासून स्टोव्हपर्यंत आजीनं लिनोलियमचा हिरवा तुकडा अंथरला होता. कोपऱ्यात आजोबांचा डबा, डब्यात ती पट्टी. बाप आणि लेक विलायतेत वेगळे झाले होते, आमच्याकडे चार हातांच्या अंतरावर नांदत होते.

लिनोलियम कडेनं फाटत गेलं, लादी बसवली तेव्हा फेकलं. पट्टी माझ्याकडे आहे. कानस अजून तिनंच साफ करतो.