जुन्या लाउडस्पीकरांचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें देऊळ उभें राहतें. हेमाडपंती शिल्पावर तैलरंगाचे थर चढवून भाविकांनीं केलेले जीर्णोद्धार ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हा शब्द ऐकून आनंदापेक्षां धास्तीच अधिक वाटते. भक्ति खरी, हेतु शुद्ध, पैसाहि पदरचा. पण काम संपतें तेव्हां जुनें कांहीं दिसेनासें झालेलें असतें. हाच प्रकार एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत, म्हणजे जुन्या लाउडस्पीकरांच्या दुरुस्तींत, नित्य घडत आहे. निकामी झालेल्या भागाच्या जागीं दुसरा कोणता बसवावा, हा प्रश्न वरवर कारागिराचा दिसतो. परंतु तो मुळांत इतिहासाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

आज घरोघर आढळणाऱ्या लाउडस्पीकराची मूळ रचना अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं 1925 सालीं आपल्या निबंधांत मांडली. कागदी शंकूच्या टोकाशीं तारेचें हलकें वेटोळें, तें चुंबकाच्या अरुंद फटींत टांगलेलें. त्यांतून बदलता विद्युत्प्रवाह वाहूं लागला कीं शंकु मागेंपुढें हलतो आणि हवेंत ध्वनि उठतो. पुढच्याच वर्षीं अशीं यंत्रें बाजारांत आलीं. परंतु पुरेसा जोरदार कायम चुंबक त्या काळीं सहज मिळत नसे. म्हणून लोखंडाभोंवतीं तारेचें दुसरें मोठें वेटोळें गुंडाळून विजेच्या बळावर चुंबकत्व निर्माण करीत. रेडिओच्या कारखानदारांनीं या वेटोळ्याला आणखी एक काम दिलें. तें म्हणजे विजेच्या पुरवठ्यांतील घरघर गाळण्याचें. एकच वेटोळें चुंबकहि झालें आणि गाळणीहि झालें.

आतां असें वेटोळें जळालें, आणि दुरुस्ती करणाऱ्यानें कायम चुंबकाचा नवा लाउडस्पीकर बसवून मोकळ्या राहिलेल्या तारा नुसत्या एकमेकींस जोडून टाकल्या, तर काय होईल? गाण्याबरोबर घरघर ऐकूं येईल, आणि व्हॉल्व्हांना नेहमींपेक्षां अधिक विद्युत्दाब सोसावा लागेल. गेलेल्या वेटोळ्याचें दुसरें काम करण्यासाठीं तेथें योग्य चोक व रोध बसविणें भाग असतें. भागाचें नांव ठाऊक असणें निराळें आणि त्याचें कार्य ठाऊक असणें निराळें.

कार्य कळल्यावर प्रश्न येतो कालनिर्णयाचा. अमेरिकन लाउडस्पीकरांच्या सांगाड्यावर बहुधा अंकांचा एक शिक्का असतो. पहिले तीन अंक कारखान्याचे, पुढचे वर्षाचे व आठवड्याचे. 220832 असा शिक्का असल्यास 220 म्हणजे जेन्सन आणि 32 म्हणजे बत्तिसावा आठवडा. मधला 8 मात्र 1948 चा कीं 1958 चा, हें शिक्का सांगत नाहीं. पेशवेकालीन पत्रें वाचणारांस ही अडचण ओळखीची वाटेल. तेथेंहि चंद्र व महिना असतो, साल पुष्कळदां नसतें. आणि राजवाडे किंवा वासुदेवशास्त्री खरे यांच्यासारख्या संशोधकांस मजकुरांतील माणसें व मोहिमा पाहून तें ठरवावें लागलें. येथें साक्षीदार निराळे आहेत, इतकेंच. चुंबकाचा घाट, शंकूची किनार, पेटीवरील कारखान्याची चिठ्ठी यांच्या जबान्या घेऊन निकाल करावा लागतो.

त्यांतहि चुंबक मोठा बोलका. लोखंडांत अ‍ॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट मिसळून केलेले ‘अल्निको’ चुंबक दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र रूढ झाले. त्यांतील कोबाल्टचा मोठा पुरवठा आफ्रिकेंतील झाईर, म्हणजे आजचें काँगो, या देशाच्या शाबा प्रांतांतून होई. 1978 सालीं तेथील कोल्वेझी या खाणींच्या शहरावर बंडखोरांनीं हल्ला केला. कोबाल्टचे भाव भडकले, आणि कारखानदार झपाट्यानें फेराइटच्या चुंबकाकडे वळले. आफ्रिकेंतील एका लढाईची खूण अशी दूरदूरच्या दिवाणखान्यांतील पेट्यांच्या पोटांत उमटून राहिली आहे.

परंतु जीर्णोद्धार करणाराची खरी कसोटी लागते ती किनारीच्या बाबतींत. एडगर विल्चर व हेन्री क्लॉस यांनीं 1954 मध्यें मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. पेटी हवाबंद करून आंत कोंडलेल्या हवेकडूनच स्प्रिंगेचें काम घ्यावयाचें, आणि शंकूची किनार मुद्दाम मऊ व ढिली ठेवावयाची, ही त्यांची युक्ति. तीमुळें लहानशा पेटींतून खर्जाचे स्वर निघूं लागले. किनार प्रथम कापडाची असे, व तींतून हवा जाऊं नये म्हणून तिला चिकट लेप देत. सुमारें 1970 पासून तिची जागा फोमनें घेतली. हा फोम हवेंतील ओलाव्यानें कुजतो आणि कांहीं वर्षांनीं बोट लावतांच त्याचा भुगा होतो. कोंकणासारख्या दमट मुलखांत त्याचें आयुष्य काय असणार, हें सांगावयास नको. नवी किनार विकत मिळते, मापानें बसतेहि. पण ती ताठ असली, तर हवेच्या स्प्रिंगेवर उभारलेली सारी योजना लंगडी पडते. उलट, कापडी किनारीचा लेप नुसता वाळला असेल, तर ती फाडून फोम लावणें हा शुद्ध अपराध होय; नवा लेप दिला कीं काम भागतें.

कोणी म्हणेल, आवाज गोड आला म्हणजे झालें. जुन्याचा एवढा अट्टाहास कशाला? या म्हणण्यांत तथ्य आहे. मुका राहिलेला अस्सल लाउडस्पीकर ही न वाचलेली पोथी होय, आणि आम्ही नव्या भागांच्या विरुद्ध नाहीं. आमची तक्रार आहे ती निनांवी भागांविषयीं. कारखाने बंद पडले, साचे मोडींत गेले, आणि आतां एक जोडी वांचविण्यासाठीं दुसरी फोडण्याची पाळी येते. अशा वेळीं कोणता भाग मूळचा व कोणता मागाहून आलेला, हें कोणीच लिहून ठेवलें नाहीं, तर पुढच्या पिढीस मूळ आवाज कसा होता, हें ठरविण्याचें साधनच उरणार नाहीं. एकनाथांनीं शके 1506 मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां तें काम कोणत्या शकांत व कां केलें, याची नोंद त्यांनीं ग्रंथाच्या शेवटीं करून ठेविली. लाउडस्पीकर दुरुस्त करणारानेंहि तोच कित्ता गिरवावा. काढलेला भाग फेंकून न देतां जपून ठेवावा, आणि काय बदललें, केव्हां बदललें व कां बदललें, एवढ्या चार ओळी लिहून तो कागद पेटीच्या आंतल्या अंगास चिकटवावा. पुढें केव्हां तरी ती पेटी उघडणाऱ्या अनोळखी माणसाचे श्रम तेवढ्यानें पुष्कळच हलके होतील.