करड्या चित्राची साक्ष : रशियन वाद्यवृंदसंगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका

आर्नोल्ड बोक्लिन या स्विस चित्रकाराचे ‘मृतांचे बेट’ हे चित्र सर्गेई रखमानिनोव यांनी १९०७ साली पॅरिसमध्ये प्रथम पाहिले, ते एका काळ्यापांढऱ्या छापील प्रतिकृतीत. निश्चल पाणी, सरूची उंच काळी झाडे, बेटाकडे सरकणारी होडी आणि तीत उभी असलेली शुभ्र आकृती, एवढ्यावरून त्यांना त्याच नावाची वाद्यवृंदरचना सुचली व १९०९ मध्ये ती पूर्ण झाली. पुढे मूळ रंगीत चित्र पाहण्याचा योग आला, तेव्हा ते प्रतिकृतीइतके मनाला भिडले नाही, असे रखमानिनोव यांनीच सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. मुळापेक्षा उणी असलेली प्रतही कधी कधी मुळाहून अधिक काही देऊन जाते. रशियन संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आज नव्या तंत्राने स्वच्छ करून प्रसिद्ध होत असताना हा प्रसंग आठवणे अगत्याचे आहे.

डिसेंबर १९१७ मध्ये रखमानिनोव यांनी रशिया सोडला, तो कायमचा. मार्च १९४३ मध्ये अमेरिकेतच त्यांचे निधन झाले. पियानोवादक म्हणून त्यांनी पुष्कळ ध्वनिमुद्रण केले. परंतु वाद्यवृंदाचे संचालक म्हणून त्यांच्या अवघ्या तीन रचना मुद्रित झाल्या आहेत. ‘मृतांचे बेट’ आणि ‘व्होकलीज’ १९२९ मध्ये व तिसरी सिंफनी १९३९ मध्ये, तिन्ही फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासह. ‘मृतांचे बेट’ मध्ये पाच मात्रांची लय वल्ह्यांच्या आघातासारखी अखंड चालते. तबकडीची एक बाजू मात्र चार-साडेचार मिनिटांत संपे. जी रचना कोठेही न थांबता वाहावी अशी कल्पना होती, तिचे तुकडे पाडावे लागले. संगीतकाराने स्वतः काही भाग गाळलाही. छापील स्वरलेखन आणि निर्मात्याची साक्ष यांत येथे जी तफावत पडते, ती अभ्यासकाला मिटवता येत नाही. तिची नोंद घेऊनच पुढे जावे लागते.

ध्वनिमुद्रणाची साधनेही तेव्हा बदलत होती. १९२५ पूर्वी वादक एका मोठ्या कर्ण्यापुढे दाटीवाटीने बसत. मंद्र स्वर नीट उमटत नसल्याने डबल बेसचे काम पुष्कळदा ट्यूबाकडून करून घेतले जाई. १९२५ पासून मायक्रोफोनचा उपयोग सुरू झाला आणि वाद्यवृंदाला प्रथमच खोली लाभली. रखमानिनोव यांचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो स्टोकोव्स्की यांच्या संचालनाखाली १९२४ साली कर्ण्यापुढे आणि १९२९ साली मायक्रोफोनपुढे मुद्रित झाला. वादक तोच, संचालक तोच, वाद्यवृंदही तोच. तरीही दोन निरनिराळ्या शतकांतली साक्ष आपण ऐकत आहोत असा भास होतो. या तबकड्या लाखेपासून बनत. ती लाख प्रामुख्याने भारतातून, छोटानागपूरसारख्या भागांतील पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरून जाई. तीत दगडाची भुकटी मिसळीत. सुईच्या घर्षणाने जी करकर आपल्याला ऐकू येते, ती बव्हंशी या भुकटीची होय. पीटर्सबर्ग-मॉस्कोच्या परंपरेतला स्वर असा आपल्या रानातल्या द्रव्यावर कोरला गेला.

त्या स्वरात आज दुर्मीळ झालेले पुष्कळ काही आहे. व्हायोलिनवादक एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातात. आपल्याकडील श्रोत्याला मींडेची आठवण व्हावी असे ते घसरणे असते. लय श्वासाप्रमाणे पसरते, आकसते. सोव्हिएत रशियात ही परंपरा वेगळ्या रूपाने टिकली. निकोलाय गोलोवानोव (१८९१–१९५३) यांनी मॉस्कोच्या रेडिओ वाद्यवृंदाकडून स्क्र्याबिन व रखमानिनोव यांच्या रचना अशा काही बेभान मुक्ततेने वाजवून घेतल्या, की स्वरलेखनाशी काटेकोर राहणाऱ्या आजच्या श्रोत्याला त्या जवळजवळ स्वैर वाटाव्यात. याउलट येवगेनी म्राविन्स्की यांची शिस्त पोलादी होती. १९३८ पासून १९८८ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, लेनिनग्राड फिलहार्मोनिकची धुरा त्यांच्याकडे होती. त्यांच्या वाद्यवृंदातील हॉर्न आणि ट्रम्पेट कंप पावणाऱ्या, गायकी धाटणीच्या आवाजात बोलत. पुढे जगभरातील वाद्यवृंदांचे ध्वनी एकमेकांसारखे होत गेले आणि हा आवाज मागे पडला. म्हणून या ध्वनिमुद्रिका केवळ स्मरणिका नाहीत. एका लुप्त बोलीचे ते उरलेले पाठ आहेत.

पाठ म्हटले की पाठचिकित्सा आली. ज्याला आज रीमास्टरिंग म्हणतात, ती वरवर पाहता साफसफाई वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यावर निवड करावी लागते. उत्तम प्रत शोधायची, तिच्या खाचेला साजेशी सुई निवडायची, तबकडीचा खरा वेग ठरवायचा, कोणते स्वरपट्टे उचलायचे आणि किती करकर काढायची हे ठरवायचे. ‘अठ्ठ्याहत्तर’ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तबकड्या नेमक्या त्याच वेगाने कोरल्या गेल्या असतील असे नाही. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला, तर सगळी रचना अर्ध्या स्वराने वर चढते. करकर काढणेही निर्धोक नसते. व्हायोलिनचे उच्च उपस्वर आणि सभागृहातील प्रतिध्वनी त्या करकरीच्याच पट्ट्यात असतात. एकाला खरवडताना दुसराही जातो. उरतो तो गुळगुळीत, निर्जीव ध्वनी. १९६० च्या दशकात जुन्या एकमार्गी मुद्रणांना कृत्रिम स्टिरिओचे रूप देण्याची टूम निघाली होती. तीही अशाच ‘सुधारणे’ची विकृती होती.

शोस्ताकोविच यांच्या आठव्या सिंफनीची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. ही सिंफनी म्राविन्स्की यांना अर्पण केलेली असून ४ नोव्हेंबर १९४३ रोजी त्यांच्याच संचालनाखाली मॉस्कोत प्रथम सादर झाली. युद्धकाळात विजयाचा जयघोष अपेक्षित असताना तिच्यात शोक होता. फेब्रुवारी १९४८ मध्ये पक्षाने संगीतकारांविरुद्ध ठराव केल्यावर ती काही वर्षे मैफलींतून दिसेनाशी झाली. म्राविन्स्की यांनी ती पुन्हा हाती घेतली आणि १९८२ मध्ये लेनिनग्राडला त्यांनी केलेले सादरीकरण मुद्रित झाले. ते पाश्चात्त्य देशांत कॉम्पॅक्ट डिस्कवर निघाले, तेव्हा मूळ पट्टीहून चढे होते आणि साहजिकच गतीही वाढली होती. वृद्ध संचालकाची म्हणून जी निकड श्रोत्यांनी वाखाणली, तिचा काही अंश यंत्राच्या वेगाचा होता. पुढच्या आवृत्त्यांत पट्टी सुधारण्यात आली. शासनाने लादलेले मौन ज्या कृतीने भोगले, तिची साक्ष बिघडवायला एक निष्काळजी प्रत पुरेशी ठरली.

याच्या उलट एक आदर्श २०१८ मध्ये समोर आला. डिसेंबर १९४० मध्ये संचालक यूजिन ऑर्मंडी यांच्या घरी रखमानिनोव यांनी आपली शेवटची मोठी वाद्यवृंदरचना, ‘सिंफनिक डान्सेस’, पियानोवर वाजवून समजावून दिली होती. खाजगी तबकड्यांवरील हे तुकडे प्रसिद्ध करताना ते स्वरलेखनाच्या क्रमाने जुळवून दिले गेले आणि प्रत्यक्षात वाजवले गेले त्या क्रमानेही दिले गेले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या पंडितांनी संहिता सिद्ध केली, पण पाठभेदही तळाशी जपले. त्याच जातीचा हा विवेक होय. करकरीच्या आड रखमानिनोव गुणगुणताना ऐकू येतात. ध्वनी डागविरहित करण्याच्या हट्टापायी ती गुणगुण पुसली गेली असती, तर वाद्यवृंदाकडून त्यांना काय हवे होते याची सर्वांत निकटची खूण हरवली असती.

जुनी ध्वनिमुद्रिका नवी करता येत नाही. ती वाचता येते. चुकलेला वेग दुरुस्त करणे, तुटलेला सांधा जुळवणे हे संपादकाचे कर्तव्य आहे. पण काळाने जे दिलेच नाही ते भरून काढणे हे त्याचे काम नव्हे. रखमानिनोव यांना त्या करड्या चित्रात बेट दिसले होते, आणि होडीही. रंग नव्हते म्हणून त्यांचे काही अडले नाही.