निजण्याआधीचा प्रश्न : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

‘डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं.’

हे वाक्य मी भायखळ्यातल्या माझ्या दवाखान्यात शेकडो वेळा ऐकलं आहे, आणि दर वेळी ते दाराशी ऐकलं आहे. पेशंट आधी घसा दाखवतो, मग ॲसिडिटी सांगतो, औषधं घेऊन उठतो आणि कडीवर हात ठेवून मागे वळतो. चोवीस वर्षांचा एक मुलगा असाच वळला होता. दिवसभर मोटारसायकलवरून पार्सलं पोचवण्याचं काम, डोळे तांबारलेले. सॅकमधून त्याने वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली काळपट चूर्णाची पुडी काढून टेबलावर ठेवली. रस्त्याकडेच्या तंबूतून आणलेली, महिन्याला तीन हजार रुपये. म्हणाला, ‘रात्री हाताने केल्याशिवाय झोप लागत नाही. आणि केलं, की भीतीने लागत नाही.’

ही दोन वाक्यं कळली, की या अभ्यासक्षेत्राचं दार उघडलं. हस्तमैथुन आणि झोप यांचा संबंध शरीराचा आहे, तसाच समाजाने मनात पेरलेल्या भयाचाही आहे. हे दोन धागे वेगळे केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वैद्यकाचे विद्यार्थी, समुपदेशक, परिचारिका, शिक्षक, स्वतःसाठी वाचणारे, सगळ्यांचं या क्षेत्रात मनापासून स्वागत आहे. इथे पूर्वतयारी एकच लागते, शब्द उच्चारण्याची.

शब्दांपासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या भाषेतले बरेचसे शब्द निकाल देऊनच येतात. झोपेत आपोआप वीर्यस्खलन होतं, त्याला आपण ‘स्वप्नदोष’ म्हणतो. हाताने केलं तर ‘हस्तदोष’. लघवी गढूळ दिसली की ‘धातू जाते’. पेशंट तोंड उघडतो तेव्हा शब्दानेच त्याला दोषी ठरवलेलं असतं. आयुर्वेदात रसापासून शुक्रापर्यंत सात धातू मानले आहेत. आहाराचं रूपांतर होत होत शुक्र व्हायला महिनाभर लागतो, असं सुश्रुतसंहिता सांगते. या विचारातून शुक्र जपावं ही कल्पना आली. युरोपात लोझानचे डॉक्टर तिसो यांनी १७६० साली हस्तमैथुनावर ग्रंथ लिहून अंधत्वापासून वेडापर्यंत सगळे रोग त्याच्या माथी मारले. इंग्रजी अमलात ते भयही इथे उतरलं आणि इथल्या जुन्या कल्पनेत मिसळून गेलं. लोकलच्या डब्यातल्या ‘गुप्तरोग, धातुरोग’ या चिकटपट्ट्यांवर आज जे छापलेलं असतं, ते या मिश्रणाचंच पीक. मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली या भीतीतून होणाऱ्या त्रासाला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. थकवा, अंगदुखी, झोप न लागणं, छातीत धडधड अशी खरीखुरी लक्षणं आणि त्यामागे वीर्य गेल्याची भीती. या पेशंटचा त्रास खोटा नसतो. त्याला सांगितलेलं कारण खोटं असतं.

मराठीत या भीतीशी उघड झुंज दिली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनी, आणि इथून फार लांब नव्हे, गिरगावात. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं. विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी या कामापायी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू झालं आणि १९५३ मध्ये कर्वे वारले तोवर चाललं. वाचक त्या मासिकाला खाजगीतले प्रश्न लिहून पाठवत आणि कर्वे त्यांना छापील उत्तर देत. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांवरच्या अशाच उत्तरांसाठी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावरचं लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही आणि लोक विचारतात तर ज्ञानाने उत्तर द्यायला हवं, ही बाबासाहेबांची भूमिका होती. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. माझ्या पेशंटने जे दाराशी विचारलं, त्याचं छापील उत्तर दिल्याबद्दल या शहरात एका माणसाने दंड भरला आहे, हे या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं. पुढे १९४९ मध्ये मुंबईत फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन निघाली, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला आणि डॉ. विठ्ठल प्रभूंचं ‘निरामय कामजीवन’ मराठी घरांत पोचलं. भले ते कपाटात कपड्यांच्या घडीखाली असेल, पण पोचलं.

आणखी एक गोष्ट पुस्तकांत सापडत नाही, ती भायखळा-लालबागच्या माणसाला सांगावी लागत नाही. इथे एकटेपणाला जागा नव्हती. गिरणीच्या काळात दहा बाय बाराच्या एका गाळ्यात दहा-बारा चाकरमानी राहत. रातपाळीचा उठून गेला की त्याच अंथरुणावर दिसपाळीचा आडवा होई. कुटुंबवाल्यांचंही तेच, खाटेखाली एक, खाटेवर दोन, बाकी गॅलरीत. अशा घरात दिवा मालवल्यानंतरची वेळ हीच काय ती आपली. म्हणून इथे हस्तमैथुन झोपेला जोडलं गेलं ते आधी जागेच्या टंचाईमुळे, आणि घाईने, श्वास रोखून, कुणी जागं होईल या धास्तीने करायची सवय लागली ती त्यातूनच. शीघ्रपतनाची तक्रार घेऊन येणाऱ्यांशी बोलताना हा इतिहास मला उपयोगी पडतो.

आता शरीराचं. परमोच्च क्षणानंतर रक्तातलं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि तासभर तरी चढं राहतं. ऑक्सिटोसिन हे दुसरं संप्रेरकही थोडा वेळ वाढतं, स्नायू सैलावतात. यावरून ‘झोप छान लागते’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. ऑस्ट्रेलियात २०१९ साली ७७८ प्रौढांना विचारलं, तेव्हा अनेकांनी तसंच सांगितलं. पण सांगणं वेगळं आणि मोजणं वेगळं. १९८५ साली पाच पुरुष आणि पाच स्त्रियांना झोपेच्या प्रयोगशाळेत तारा जोडून पाहिलं, एका रात्री नुसतं वाचन, इतर रात्री हस्तमैथुन. झोपेच्या आलेखात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०२३ मध्ये २५६ जणांनी चौदा दिवस ठेवलेल्या रोजनिशीत जोडीदारासोबतच्या संभोगानंतर, परमोच्च क्षण आला असेल तर, झोप लवकर आणि चांगली लागलेली दिसली. हस्तमैथुनानंतर मात्र तसं दिसलं नाही. माझं मत विचाराल तर, झोपेचं औषध म्हणून त्याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, आणि झोप बिघडते म्हणून मनाई करण्याइतका तर मुळीच नाही. कुणाला त्याने शांत वाटत असेल तर ते खरं मानावं.

झोप मोडणारी वस्तू बहुतेक वेळा उशाशी असते, ती म्हणजे मोबाइल. त्या मुलाला मी विचारलं, ‘किती वेळ लागतो?’ म्हणाला, ‘तसं पाच मिनिटं. पण बघत बसतो दीड तास.’ झोप खाल्ली होती ती त्या दीड तासाने, आणि उरलेली पश्चात्तापाने.

प्रकृतीबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. एका वेळी साधारण दीड ते पाच मिलिलिटर वीर्य बाहेर पडतं. ते रक्ताचं बनत नाही. त्यातला बहुतेक द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथींचा असतो, तर शुक्राणू वृषणांत अखंड तयार होत राहतात. त्याने नजर जात नाही, गाल बसत नाहीत, मूल व्हायला अडचण येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या सुमारे ३२ हजार पुरुषांच्या दीर्घ पाहणीत महिन्याला एकवीस किंवा जास्त वेळा वीर्यस्खलन होणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण, चार ते सात वेळा होणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे एक पंचमांश कमी आढळलं. यात कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, म्हणून एकवीस हा आकडा कुणी पथ्यासारखा पाळू नये. उलट बाजूही आहे. कामधंदा, नाती, झोप बुडत असूनही महिनोन् महिने थांबता येत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात अनिवार्य लैंगिक वर्तनाचं निदान आहे. त्याच व्याख्येत म्हटलं आहे की केवळ नैतिक अपराधीपणातून होणारा त्रास या निदानाला पुरेसा नाही. ही एक ओळ आपल्या कामात सोन्यासारखी आहे.

स्त्रियांबद्दल आपल्याकडे लेखन फारच थोडं आहे. लैंगिक वर्तनाचे अभ्यासक किन्सी यांच्या १९५३ च्या अमेरिकी पाहणीत ६२ टक्के स्त्रियांनी हस्तमैथुन केल्याचं सांगितलं होतं. माझ्या दवाखान्यात बायका ‘अंगावरून पांढरं जातं, म्हणून कणकण राहते’ असं सांगतात, आणि त्यातल्या काहींची भीती त्या मुलाच्या भीतीची सख्खी बहीण असते. त्यांना विचारणारं अजून कुणी नाही. नव्या अभ्यासकांपैकी कुणी हे काम हाती घेतलं, तर मला सर्वांत जास्त आनंद होईल.

त्या मुलाला मी औषध दिलं नाही. मोबाइल रात्री चार्जिंगला दाराजवळ लाव, बाकी जे करतोस त्यात काही बिघडलेलं नाही, आणि ही पुडी बंद कर, त्यात काय घातलंय ते कुणालाच ठाऊक नाही, एवढं सांगितलं. तीन आठवड्यांनी तो घशासाठी आला, आणि जाताना कडीपाशी थांबला नाही.

झोपेची तक्रार घेऊन कुणी तुमच्यासमोर बसलं, की चहा-कॉफी, तंबाखू, पाळीची नोकरी, मोबाइल यांच्या रांगेत हाही प्रश्न साध्या आवाजात, तुम्ही होऊन विचारा.