उपटणारा मासा, टिकणारं झाड

चारकोपच्या श्रोत्यांकडून आम्हाला एक प्रश्न बरेचदा ऐकू येतो. घरी ऑस्कर आहे, हौसेने झाडं आणून वाळूत लावली, आणि सकाळी बघतो तर सगळी पाण्यावर तरंगतायत. आता दुसरी कोणती लावू? प्रश्न दुकानदाराला विचारायचा वाटतो, पण त्याचं निम्मं उत्तर इतिहासात आहे. मुळात टाकीत जिवंत झाड हवं, ही कल्पना आली कुठून?

१८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया, म्हणजे रिबिनीसारख्या लांब पानांचं पाणगवत, एकत्र ठेवलं. मासा जो वायू सोडतो तो झाड घेतं, झाड ऑक्सिजन देतं. गळलेली पानं कुजून पाणी बिघडायला लागलं, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या आणि हिशोब जुळला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. आपल्याकडे मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं. मुंबईच्या कितीतरी पोरांनी काचेमागचा मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथेच.

वॉरिंग्टनच्या हिशोबात मासा लहान आणि गरीब होता. ऑस्कर तसा नाही. तो अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला, वाढला की फूटभर होतो. फ्लॉवरहॉर्न तर कुठल्याच नदीतला नाही. १९९० च्या दशकात मलेशियात संकर करून तो तयार झाला. डोक्यावर टेंगूळ, आणि त्या टेंगळात म्हणे घराचं भाग्य! त्या भाग्याच्या जोरावर तो आपल्याकडच्या दिवाणखान्यांतही आला.

आता चारकोपचं बघा. १९८५ साली सुरू झालेल्या, जागतिक बँकेच्या कर्जातल्या प्रकल्पात इथे छोटे भूखंड आखले गेले. पाणी, गटार, रस्ता सरकारने द्यायचा, घर ज्याचं त्याने जमेल तसं बांधायचं. अशा घरात टाकी टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात बसते, दोन-अडीच फुटांची. बोटाएवढा ऑस्कर आणला की दीड-दोन वर्षांत त्याला वळायलाही जागा उरत नाही. आधी टाकी मोठी करा, झाडाचं नंतर बघू, हे आम्हाला स्पष्ट सांगायलाच हवं. जागा नसेल तर हा मासा आणूच नये.

तो झाडं उपटतो ती खोडी म्हणून नव्हे. सिक्लिड कुळातले मासे अंड्यांची आणि पिल्लांची राखण करतात. त्यासाठी नर-मादी जागा साफ करतात, खड्डे खणतात. आपण लावलेलं रोप त्यांच्या लेखी अंगणातलं तण. म्हणून झाड निवडताना पहिल्यांदा पान पाहू नका, मूळ पाहा. वॉरिंग्टनचं व्हॅलिस्नेरिया वाळूत रुजणारं, ते इथे हरणार. आपल्या कोकणातल्या ओढ्यांत क्रिप्टोकोरिन वाढतं, देखणं झाड. पण मुळं हलवली की त्याची पानं विरघळून जातात. ऑस्करपुढे ते आठवडाही काढणार नाही.

टिकतं ते अनुबियस. हे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं, १८५७ साली शॉट या वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवलेलं. सावलीत वाढतं म्हणून इजिप्तच्या मृतांच्या देवाचं, अनुबिसचं, नाव त्याला मिळालं. पान जाड, चिवट. ते वाळूत पुरायचंच नाही. जड दगडाला किंवा लाकडाला सुती दोऱ्याने बांधायचं. त्याचा आडवा कंद पुरला तर कुजतो. जावा फर्नही असंच बांधायचं. आणि सगळ्यात स्वस्त उपाय खिडकीत आहे: मनी प्लँट. मुळं पाण्यात, पानं टाकीबाहेर. माशाच्या घाणीतून होणारं नायट्रेट ती मुळं ओढून घेतात. पाणी मात्र बदलावंच लागतं, झाड असो वा नसो.

हे झालं खणणाऱ्या माशांचं. खाणारे वेगळे. आपला कालुंदर, मालवणात तळून खातात तो, हाही सिक्लिडच. ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने १७९० साली त्याच्या शास्त्रीय नावात सुरत घातलं. तो शेवाळ आणि पाणवनस्पती आवडीने खातो, त्याच्यापुढे झाड बांधूनही उपयोग नाही. तिलापियाही त्यातलीच. १९५२ साली ती अन्न म्हणून भारतात आणली. आज देशभरच्या तळ्यांत, धरणांत आहे. मोठा झालेला ऑस्कर 'बिचाऱ्याला मोकळं सोडू' म्हणून तलावात सोडणाऱ्यांनी तिची आठवण ठेवावी.

शेवटी तरंगणारी झाडं. उपटायला मूळच रुतलेलं नाही, म्हणून काहीजण टाकीत जलपर्णी टाकतात. ऑस्करला ती ओळखीची, कारण दोघंही दक्षिण अमेरिकेतले. पण पवई तलावावर पसरलेली जलपर्णी तुम्ही पाहिलीच असेल. तेव्हा टाकीतून काढलेली एक मूठसुद्धा गटारात किंवा खाडीकडच्या नाल्यात टाकायची नाही. गॅलरीत उन्हात कडक वाळवायची, मगच कचऱ्यात.