उसने दिलेले ग्लोव्ह्ज : यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांची कारकीर्द (थ्रेड)

1 जानेवारी 1960, मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तिसऱ्या कसोटीत वीस वर्षांचा बुधी कुंदरन भारतातर्फे यष्टीमागे उभा राहिला. रणजी करंडकाचा एकही सामना तो तोवर खेळलेला नव्हता. हातातले ग्लोव्ह्जही त्याचे स्वतःचे नव्हते. ते त्याने उसने घेतले होते, आणि तेही ज्यांची जागा त्याला मिळाली त्या नरेन ताम्हाणे यांच्याकडून.

अवघ्या आठ दिवसांपूर्वी कानपूरला भारताने ऑस्ट्रेलियाला कसोटीत प्रथमच नमवले होते. जसू पटेल यांचे त्या सामन्यातील 14 बळी आजही आठवले जातात. त्या विजयात यष्टीमागे ताम्हाणे होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. विजयी संघातील यष्टिरक्षक पुढच्याच सामन्यात बाहेर कसा गेला, हे समजण्यासाठी बरोबर पाच वर्षे मागे जावे लागते.

1 जानेवारी 1955, ढाका. विनू मंकड यांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ पहिल्यांदाच पाकिस्तानच्या दौऱ्यावर गेला होता. मालिकेतील पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या आणि कंटाळवाणी मालिका म्हणून तिची नोंद झाली. पण याच मालिकेत ताम्हाणे यांनी पदार्पण केले आणि 12 झेल व 7 यष्टिचीत असे 19 बळी टिपले. एका मालिकेत इतके बळी घेणारा दुसरा भारतीय यष्टिरक्षक मिळायला 1979-80 उजाडावे लागले. तो म्हणजे सय्यद किरमाणी.

त्या 7 यष्टिचीतांचे मोल कळायचे तर गोलंदाज कोण होता हे पाहावे. सुभाष गुप्ते यांचा लेगस्पिन भल्याभल्या फलंदाजांना उमगत नसे, आणि त्यांच्याकडे गुगलीही होती. फलंदाज चुकला तर बाद होतो. यष्टिरक्षक चुकला तर बळी हुकतो आणि वर चार बाइजही जातात. म्हणजे चेंडू कुठे वळणार हे गोलंदाजाच्या हातावरूनच ओळखायचे, तेही यष्ट्यांना खेटून, फलंदाजाच्या आडून, हेल्मेट नसताना. बेसबॉलमधला कॅचर निदान तोंडावर जाळी आणि छातीवर कवच बांधून बसतो. शिवाय त्याच्याकडे येणारा चेंडू टप्पा पडून फिरत नाही.

ताम्हाणे यांचे काम दिसतच नसे, आणि हीच त्यांची खासियत होती. उसळी नाही, ओरड नाही. चेंडू हातात आला की बेल्स उडालेल्या.

21 कसोट्यांत त्यांनी 51 बळी घेतले: 35 झेल आणि 16 यष्टिचीत. पुढे फारूख इंजिनियर यांनाही 16 यष्टिचीतच मिळाले, पण 46 कसोट्यांत. महेंद्रसिंग धोनीच्या 294 कसोटी बळींत यष्टिचीत 38, म्हणजे आठात जेमतेम एक. ताम्हाणे यांच्याकडे हेच प्रमाण तिनात एकाच्या जवळ जाते. काळ वेगळा, गोलंदाज वेगळे, हे खरे. तरी आकडा बोलका आहे.

दुसरा आकडा त्यांच्याविरुद्ध जातो. 21 कसोट्यांत धावा 225, सरासरी 10.22, सर्वोच्च नाबाद 54. भारताची फलंदाजी तेव्हा वारंवार कोसळत असे, आणि अशा वेळी निवड समितीची नजर आधी यष्टिरक्षकाकडे वळे. 1959 च्या इंग्लंड दौऱ्यातील पाच कसोट्या ताम्हाणे आणि महाराष्ट्राचे नाना जोशी यांच्यात वाटल्या गेल्या. भारत त्या पाचही हरला.

कुंदरनच्या निवडीमागे हा सगळा हिशेब होता, आणि निव्वळ धावांपुरता तो खरा ठरला. पुढच्याच मद्रास कसोटीत तो सलामीला आला आणि संघाच्या 149 पैकी 71 धावा त्याने एकट्याने केल्या. जानेवारी 1964 मध्ये त्याच शहरात इंग्लंडविरुद्ध त्याने 192 धावा फटकावल्या. याच काळात इंजिनियरही आले. यष्टिरक्षकाने फलंदाजीही केलीच पाहिजे, ही अपेक्षा भारतीय क्रिकेटमध्ये याच वर्षांत रुजली. ताम्हाणे 1960-61 च्या हंगामात पाकिस्तानविरुद्ध पुन्हा खेळले, पण ती त्यांची अखेरची मालिका ठरली. वय होते जेमतेम 29.

पुढे ते स्वतः राष्ट्रीय निवड समितीवर गेले. 1989 मध्ये राजसिंग डुंगरपूर यांच्या अध्यक्षतेखालील या समितीसमोर पाकिस्तान दौऱ्यासाठी सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरचे नाव होते. हा पोरगा तिथे अपयशी ठरला तर, अशी शंका बैठकीत निघाली. त्यावर ताम्हाणे एवढेच म्हणाले, असे सांगतात, की तेंडुलकर अपयशी ठरत नाही. धावा कमी पडल्या म्हणून ज्यांना वगळले गेले होते, त्यांनीच एका फलंदाजासाठी दिलेली ही हमी होती. सचिन संघासोबत पाकिस्तानला गेला.

19 मार्च 2002 रोजी ताम्हाणे यांचे निधन झाले.